पहिल्या हाफ आयर्नमॅनसाठी दोन लाखांची टीटी बाईक? माझं मत : अजिबात नको

खडकवासलेकर
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहूनच टाकतो, शिव्या घालायच्या तर घाला. आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी गोव्याची हाफ आयर्नमॅन करायचं ठरवलंय (१.९ किमी समुद्रात पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, सगळं मिळून ११३ किमी, मैलात ७०.३), तिघांचीही पहिलीच. आणि गेले दोन महिने ग्रुपवर फक्त आणि फक्त सायकल. कार्बन की अल्युमिनियम, टायर २५ चा की २८ चा, ट्यूबलेस, डीप रिम. एकजण तर घरी न सांगता सेकंडहँड टीटी बाईकला दोन लाख दहा हजार मोजायला निघालाय, तीच ती, पुढे दोन लांब दांडे असतात आणि त्यावर कोपरं टेकून वाकून चालवायची. हाच माणूस पूलमध्ये चारशे मीटर झाले की कठडा धरून पाच मिनिटं गप्पा मारतो.

मी गेल्या खेपेला केली ती आठ वर्षं जुन्या अल्युमिनियम रोड बाईकवर. पोहणं १ तास ६ मिनिटं, सायकल ३.५२, पळणं (म्हणजे बरंचसं चालणं) २.५१, मधले कपडे-बूट धरून एकूण ८ तास ५ मिनिटं. एकूण कटऑफ (तेवढ्या वेळात नाही झालं तर बाद) साडेआठ तासांचा. पण पोहण्याचा कटऑफ १ तास १० चा असतो, म्हणजे तिथे मी चार मिनिटांनी वाचलो. मिरामारला पाण्यातून बाहेर आलो तेव्हा बाजूला एकजण वाळूत बसून रडत होता, त्याच्या घोट्यावरची वेळ मोजायची चिप काढून घेत होते. वर रॅकला त्याची सायकल उभी होती, माझ्या शेजारच्याच नंबरला, इतकी देखणी की माझी काढता काढता मी दोनदा वळून बघितलं.

तर माझं मत असं की पहिल्या हाफला आहे ती सायकल सर्व्हिस करा, चांगले टायर टाका आणि उरलेले पैसे पोहण्याच्या कोचला द्या. बोला.

वॅटवाला
रडणाऱ्या माणसाची गोष्ट चांगली आहे पण त्यावरून हिशोब होत नाही. तुझेच आकडे घे. ४८५ मिनिटांतली ६६ पाण्यात, २३२ सायकलवर. निम्मी रेस सायकलवर गेली आणि तू म्हणतोस सायकलवर खर्च करू नका.

दुसरं, आपण रविवारी आठ-दहाजण एकमेकांच्या मागे लपून जातो आणि तीसचा स्पीड मिळाला की खूश होतो. रेसमध्ये ते चालत नाही, पुढच्यापासून १२ मीटर अंतर ठेवायचं नाहीतर दंड. म्हणजे ९० किमी वारा एकट्याने खायचा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनात, त्यात सायकलपेक्षा आपलं अंगच जास्त वारा अडवतं, त्यामुळे वाकून बसणं ही चैन नाही. १९८९ ची टूर द फ्रान्स आठवा, लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता, २४.५ किमीची टाइम ट्रायल (म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी शर्यत, टीटी बाईकमधलं टीटी तेच), त्याने हे दांडे लावले, पुढे असलेल्या फिन्योंने नाही लावले, आणि लेमाँड ८ सेकंदांनी टूर जिंकला.

आणि पोहण्याचं म्हणशील तर पस्तिशीनंतर पोहायला शिकलेल्या माणसाचं १.०६ चं ५४ व्हायला दोन दोन वर्षं जातात रे. सायकलवरची १२ मिनिटं महिन्याभरात मिळतात.

कोल्हापुरी ब्रेक
लेमाँडच्या म्होरं कुत्रं आलं न्हवतं ओ कधी 😄

वॅटवाले, एक सांगा, त्या दांड्यांवर कोपरं टेकली की ब्रेक कुठं असतोय? लांब, बाजूच्या हँडलला. आमच्यात पहाटे पाचला हायवेच्या सर्व्हिस रोडला निघालं की उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन बिनलाईटचा पुढं, त्यात रंबलर, त्यात उलट्या बाजूनं येणारा दूधवाला. हात ब्रेकवरनं काढायची टाप नाही. म्हंजे सराव सगळा साध्या हँडलवर आणि रेसच्या दिवशी एकदम तीन तास वाकून बसायचं. मान धरतीय, कंबर धरतीय, मग चाळिसाव्या किलोमीटरला माणूस उठून बसतोय आणि दोन लाखाची सायकल घोड्यावर बसल्यागत चालवतोय. ह्या डोळ्यानं बघितलंय.

१९७८ ला हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तवा कुठं होतं दांडं? पंधराजण निघाले, बाराजण पोचले, पहिला ११ तास ४६ मिनिटात. दुसऱ्या नंबरवाल्याकडचं पाणी संपलं तर त्याच्या माणसांनी बिअर पाजली म्हणे, तरी दुसरा आला.

बाकी पोहण्याचं आमच्याकडं कौतुक नाही, पंचगंगेत ढकलून दिलं की येतंय. ते तुम्हा पूलवाल्यांचं दुखणं.

वॅटवाला
@कोल्हापुरी ब्रेक, सराव घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) करायचा. आठवड्यात दोनदा तास तास वाकलेल्या पोझिशनमध्ये, पंखा लावून, खाली जुनी चादर टाकून (फरशीवर घामाचं तळं होतं, बायको ओरडते). मान तयार होते. रस्त्यावर फक्त रविवारी.

कोल्हापुरी ब्रेक
म्हंजे दोन लाखाची सायकल, वर पन्नास हजाराचा ट्रेनर, ती हॉलमध्ये उभी आणि तुमी भिंतीकडं बघत पॅडल मारणार. जमलं की.

पहाटपावणेपाच
तुम्ही सगळे पुरुष एकाच गोष्टीवर भांडताय म्हणून मधे पडते. खडकवासलेकर, "आहे ती सायकल वापरा" हे बोलायला सोपं आहे. माझी आहे ती सायकल दुकानदाराने "मॅडम, हीच चालते सगळ्यांना" म्हणून गळ्यात मारली. सहा महिने मला वाटत होतं की मीच नाजूक आहे. ६० किमीच्या पुढे खाली आग व्हायची, एकदा लाँग राईडनंतर अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं आणि अक्षरशः ओरडले, मांडीच्या आतली कातडी सोलली गेली होती, दोन दिवस ऑफिसात तिरकी बसत होते. शेवटी एका मैत्रिणीने तिचं रुंद, मधे खाच असलेलं सॅडल दिलं, सोबत सांगितलं पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नाही आणि व्हॅसलीन हात राखून लावायचं नाही. प्रश्न मिटला. सॅडल साडेचार हजाराचं. तर सामानाला सरसकट चैन म्हणू नका.

आणि माझ्या खर्चाच्या यादीत दांडे आठव्या नंबरला येतील. पहिला नंबर लाईट्स, पुढे एक मागे दोन. दुसरा, सोबत यायला कोणीतरी, त्याला पैसे पडत नाहीत पण मिळतही नाही. पावणेपाचला एकटी कात्रजच्या जुन्या घाटात जाऊ का, याचं उत्तर पायांची ताकद मोजणाऱ्या कुठल्या वॅट मीटरवर येतं ते सांगा.

ट्रायसूटवर (पोहणं, सायकल, पळणं तिन्हीला चालणारा अंगाला घट्ट बसणारा एकच सूट) तर वेगळा धागा काढावा लागेल. पहिल्यांदा घालून पूलवर गेले तर लेडीज बॅचच्या काकू म्हणाल्या, अगं वरचं विसरलीस का. 🙈

खडकवासलेकर
@पहाटपावणेपाच हे मान्य, पूर्ण मान्य. सॅडल आणि फिट (सायकल आपल्या मापाला बसवून घेणं) माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कारण मला कधी त्रास झाला नाही. शब्द मागे.

@वॅटवाला तुझा निम्म्या रेसचा हिशोब बरोबर आहे पण बघ, कटऑफ कुठे बोकांडी बसतो? सायकल संपवायचा कटऑफ सुरुवातीपासून साडेपाच तास. एखादा एक तासात पोहला, आठ मिनिटं कपड्यांना गेली, तरी ९० किमीला ४ तास २२ मिनिटं उरतात, म्हणजे ताशी २०.६. हे साध्या सरळ हँडलच्या हायब्रीड सायकलवर होतं. पाण्यात मात्र ७० मिनिटं म्हणजे ७० मिनिटं, तिथे उतार नाही, मागून वारा नाही, दम लागला तर पाय टेकायला जमीन नाही. पूलच्या काळ्या पट्टीवर नाक ठेवून सरळ जाणारा माणूस समुद्रात दर दहा हातांनी मान वर काढून बोया (दिशेसाठी पाण्यात सोडलेले तरंगते फुगे) शोधतो आणि तरी तिरका जातो. माझ्या घड्याळात १.९ चे २.२ झाले होते.

जुना हायब्रीड
घड्याळ कुठलं रे तुझं?

खडकवासलेकर
...अडतीस हजाराचं. आलं लक्षात. पुढे चला.

सांताक्लारावाला
इकडून दोन पैसे. तुमच्याकडे वेटसूटचा (गार पाण्यात घालायचा रबरी सूट) खर्च नाही हे नशीब समजा, इथे कॅलिफोर्नियात बे मधलं पाणी इतकं गार की त्याशिवाय उतरवत नाही. एक मात्र आहे, वेटसूट तरंगवतो, त्यामुळे इथल्या पहिलटकरांना पोहण्याची तुमच्याएवढी धास्ती नसते, पाय आपोआप वर राहतात. म्हणून इथे सगळी चर्चा सायकलचीच.

डबल टायर
वेटसूट नको रे आठवण करून देऊस. मी गोव्यासाठी घेतला होता!! अठरा हजार. नंतर नियम वाचला, २४.५ अंशांच्या वर पाणी गेलं की घालून बक्षिसाला पात्र नाही आणि २८.८ च्या वर गेलं की घालायचाच नाही. बक्षिसाचा आपला काही संबंध नाही पण ऑक्टोबरात अरबी समुद्र म्हणजे गिझरचं पाणी. एकदा घरी घालून बघितला, काढायला मुलगा आणि शेजारी दोघं लागले. माळ्यावर आहे, कोणाला हवाय का?

अठ्ठावन्न नाबाद
मी खडकवासलेकरांच्या विरुद्ध, आणि कारण वॅटवाल्यांचंही नाही. मिनिटांचा हिशोब करणारी तुम्ही तरुण मंडळी, मी पंचावन्नाव्या वर्षी शुगरचा रिपोर्ट हातात आल्यावर सायकल घेतली. आधी बावीस हजाराची घेतली, ती गॅलरीत कपडे वाळत घालायला कामी आली. मग मुलीने हट्टाने लाल रंगाची कार्बनची घेऊन दिली, किंमत सांगत नाही, पण ती बघितली की पहाटे साडेचारला अंथरुणातून पाय खाली येतात. थंडीत सिंहगड रस्त्याला जाताना बोटं बधिर होतात, तरी जातो. कोच मला उठवू शकला नसता. माणसाने स्वतःच्या कमाईची हौस केली तर त्याला हिशोब विचारू नये. कर्ज काढून करत असेल तर विचारावा.

त्या मित्राने घरी सांगितलेलं नाही हे मात्र वाईट. टीटी बाईक लपवायला फार मोठी असते.

कोल्हापुरी ब्रेक
काका 🙏 शेवटची ओळ फ्रेम करून लावतो.

वॅटवाला
मधला मार्ग कोणी बोलतच नाही. आहे त्या रोड बाईकला क्लिप-ऑन दांडे बसतात, सात-आठ हजारात चांगले येतात, वर एकदा नीट फिट करून घ्या. टीटीचा बराचसा फायदा इथेच मिळतो. हे मी टीटी वापरून सांगतोय. आणि अजून एक फुकटची गोष्ट, सायकल उचलायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, उलटं केलंत तर दंड. ट्रान्झिशन (पोहून आल्यावर सायकल, सायकलनंतर पळणं, ही मधली कपडे-बूट बदलाबदल) घरच्या पार्किंगमध्ये दहा वेळा करून बघा, वॉचमन हसेल, हसू दे. खडकवासलेकरची कपड्यात १६ मिनिटं गेलीयत, त्याची सात झाली असती.

खडकवासलेकर
१६ मिनिटांतली चार मी चिक्की शोधत होतो, पिशवीत तळाला गेली होती 😐

पहाटपावणेपाच
एनर्जी जेलची पाकिटं न घेता चिक्की?

खडकवासलेकर
जेल मला बाधतं, तिसऱ्या पाकिटाला पोटात ढवळतं. चिक्की, दोन केळी, ओआरएस. फक्त उन्हात चिक्की कागदाला चिकटते आणि कागदासकट खावी लागते.

दोन दहा
नमस्कार. कठडा धरून गप्पा मारणारा तो मी. 🙋 धागा काल रात्री वाचला. आधी एक खुलासा, आता सलग सहाशे होतात. दुसरं, घरी सांगितलंय. तिसरं म्हणजे सायकल ठरवली रविवारी, त्यामुळे तुमचं भांडण जरा उशिरा झालं. एकच शंका विचारतो, फ्रेम ५६ ची आहे, माझी उंची पाच सहा. दांड्यांवर कोपरं ठेवली की हात पार ताणले जातात आणि सॅडलच्या टोकावर सरकून बसावं लागतं. विकणारा म्हणतो सवय होईल. आत्ता स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) ११० मिमीचा आहे, त्याजागी ७० चा टाकला तर भागेल का?

वॅटवाला
नाही भागणार. दोन-तीन साईझ मोठी आहे ती तुला. आखूड स्टेमने हात जवळ येतील पण पुढून सायकल वळवळायला लागेल आणि उंची आहे तीच राहील. मी टीटीच्या बाजूचा आहे आणि सांगतोय, ही घेऊ नकोस. पूर्ण पैसे दिलेस की टोकन?

पहाटपावणेपाच
"सवय होईल" हे वाक्य मी ओळखते.

दोन दहा
टोकन. वीस हजार.

कोल्हापुरी ब्रेक
परत मागा. नाय दिलं तर बोलवा आमाला, चारजण येतो.

खडकवासलेकर
आज संध्याकाळी आपण दोघं जाऊ त्याच्याकडे, मी बोलतो, मोजपट्टी घेऊन येतो. आणि उद्या सकाळी सहाच्या बॅचला ये. पंचेचाळीस मिनिटांची बॅच आहे, कडेच्या लेनमध्ये ब्रेस्टस्ट्रोकवाले आजोबा यायच्या आत आपल्याला हजार मारायचेत.