डोळ्याला ६० च्या वर दिसत नाही म्हणे!

कपाशी१४४: सातपुडा६० यांनी काल लिहिलं, "माणसाचा डोळा सेकंदाला २४ फ्रेमच, म्हणजे २४ चित्रंच बघतो, मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचा, पुष्कळ झाला, १४४ वाले बापाचे पैसे उडवतात." रात्रभर डोक्यात तेच. अहो, २४ हा आकडा सिनेमाचा, डोळ्याचा नाही. सिनेमात पळणारा माणूस मुळातच पुसट टिपला जातो, म्हणून २४ खपतं. शिवाय तिथे तुमच्या हातात माउस नसतो. ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं, १४४ वर पुरते ७ सुद्धा नाही. गेमही नको, रिकाम्या डेस्कटॉपवर माउसचा बाण गरगर फिरवा. ६० वर बाण सुटे सुटे दिसतात, १४४ वर माळ ओवल्यासारखे.

सातपुडा६०: बाण फिरवायला नवा मॉनिटर घेऊ? माझं ग्राफिक्स कार्ड जुनं, जीटीए ५ गेमला सेकंदाला ४५ फ्रेम देतं. मॉनिटर काय पदरच्या फ्रेम घालणार आहे? वरण कालचं आणि ताट चांदीचं.

कपाशी१४४: कार्डाचं मान्य, डोळ्याचं नाही. आणि ४५ वर व्ही-सिंक (कार्डाच्या फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याला बांधणारी सेटिंग) चालू केलं की तुमच्या ६० वर बहुतेक वेळा थेट ३० ला आपटतं. बंद केलं की चित्र मधोमध फाटतं. फ्रीसिंकवाला, म्हणजे कार्डाच्या ठेक्याने चित्र बदलणारा १४४ असता तर एकेक फ्रेम दोनदा दाखवून ९० वर निभावून नेलं असतं. म्हणजे जुन्या कार्डवाल्यालाच त्याची जास्त गरज.

भुसावळयार्ड: तुम्ही १४४ वर भांडा, इथे लाइटीचे ५० हर्ट्झ घरात टिकले तरी गंगेत घोडं न्हालं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या माझ्या गच्चीवरून दिसतात आणि एप्रिलात भरदुपारी लाइट माझीच जाते. परवा गेममध्ये शेवटचे दोघं उरलो होतो भो, मी आणि एक. यूपीएसने एक टूं केलं आणि गेला. उघडला तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली.

कळण्याचीभाकरी: फ्रेम पडायचं आपल्याकडचं खरं कारण कोणी बोलत नाही. ऊन! बाहेर ४५, खोलीत ४०, मग प्रोसेसर पंचाण्णवच्या पुढे गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. माझं घर कापसाच्या जिनिंग मिलला लागून. गेल्या मे महिन्यात १०० च्या फ्रेम ३५ वर आल्या. दुकानदार म्हणाला, कार्ड गेलं, नवं घ्या. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्यांवर कापसाची पांढरी गादी बसलेली. चिमट्याने धरून ओढली, अख्खी निघाली, पंख्याच्या गोल आकारासकट. फ्रेम परत १०० च्या आसपास. खर्च शून्य.

सातपुडा६०: ऐका, याला म्हणतात कामाचं. मी तर कूलरच कॅबिनेटकडे तोंड करून ठेवतो.

भुसावळयार्ड: कूलर??? ओला वारा मशिनीत? माझ्या मावसभावाचा पॉवर सप्लाय असाच फट्कन गेला.

सातपुडा६०: गरम भागावर दव पडत नसतं भाऊ. शाळेत होता का?

भुसावळयार्ड: दव नाही, तुषार! पंपाचं पाणी कूलरच्या ताटीवर जास्त सुटलं की शिंतोडे येतात. त्यात आपली धूळ. आत चिखल होतो चिखल. स्वतःचं जाळा, दुसऱ्याला शिकवू नका.

कळण्याचीभाकरी: तुनं खरं शे भो. कूलर खिडकीत, कॅबिनेट बाजूला. खोली थंड झाली की पुरे.

कपाशी१४४: धागा मॉनिटरचा आहे!!

कळण्याचीभाकरी: मग मॉनिटरचंच विचारतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडलंय ना? नवा जोडला तरी कित्येकदा ६० वरच राहतो.

कपाशी१४४: …आता आहे. पहिले सात महिने नव्हतं.

सातपुडा६०: सात महिने!! आणि "लोण्यासारखं चालतं" हे कोण लिहीत होतं दिवाळीत?

कपाशी१४४: पैसे घातले की लोणी दिसतं, कबूल. पण १४४ केलं त्या रात्री व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये कोपऱ्यावरून निघणारा माणूस पहिल्यांदा नीट दिसला. तो फरक मनाचा नव्हता.

सातपुडा६०: ६० वर सात महिने सुखात होतात, एवढंच माझं म्हणणं होतं.

(रात्री ११.४०)

सातपुडा६०: भाचीकडे जेवायला गेलो होतो, तिचा १४४ आहे. बाण फिरवून बघितला. फरक आहे. थोडा. घेणार नाही तो नाहीच. त्या पैशात ग्राफिक्स कार्ड येईल, तेही अर्धं.

कपाशी१४४: "थोडा" चालेल.

भुसावळयार्ड: ते राहू द्या, कूलर कॅबिनेटसमोरून हलवला का?

सातपुडा६०: हलवला. आता झोपायला वारा लागत नाहीये. तुमच्या ताटीला गवत आहे की वाळा?