नळाचे पाणी स्वच्छ दिसते, तरीही इमारतीत कावीळ: तपासणी कोठे आणि कशाची करावी?

प्रश्न (नागपूरच्या मानेवाडा परिसरातील रहिवासी)

नमस्कार. मानेवाडा भागात आमची बारा सदनिकांची इमारत आहे. गेल्या तीन आठवड्यांत इमारतीतील दोन मुलांना आणि एका तरुणाला कावीळ झाली. दुसऱ्या मजल्यावरील आमच्या शेजारणीला सातवा महिना लागला असल्यामुळे सर्वांनाच घोर लागून राहिला आहे. नळ पहाटे दीड तास येतो. ते पाणी पार्किंगखालच्या टाकीत साठते आणि तेथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. उन्हाळ्यात पाणी अपुरे पडले की बोअरवेलचे पाणीही त्याच खालच्या टाकीत सोडतात.

मागच्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत एका विक्रेत्याने पाण्यात टीडीएस मीटर बुडवून १८० हा आकडा दाखवला. तो पाहून काही जणांनी पाणी उत्तम असल्याचा निर्वाळा दिला, तर काहींनी तरीही घरोघरी आरओ (पाण्यातले क्षार गाळणारे यंत्र) बसवण्याचा आग्रह धरला, आणि बैठक कोणताही निर्णय न होता संपली. मी स्वतः ग्लासभर पाणी खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. त्यात गढूळपणा नव्हता आणि वासही येत नव्हता. असे पाणी आजाराचे कारण असू शकते का? असल्यास तपासणी नळाच्या पाण्याची करावी की टाकीच्या, आणि ती कोणती?

उत्तर १ (जलपरीक्षण प्रयोगशाळेतील निवृत्त कर्मचारी)

ताई, टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, जंतूंविषयी ते काहीही सांगत नाही. बादलीभर पाण्यात चमचाभर सांडपाणी मिसळले तरी तो आकडा जवळजवळ हलणार नाही आणि ग्लासातले पाणीही तसेच नितळ दिसेल. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, तेव्हा १८० हा आकडा चांगलाच म्हणायचा. परंतु त्याच मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये असेही म्हटले आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे तो या दुसऱ्या अटीचा.

पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरिन घेऊनच निघते. ग्राहकाच्या नळापर्यंत त्यातला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक राहावा अशी अपेक्षा असते, कारण वाटेत थोडीफार घाण मिसळलीच तर तिचा बंदोबस्त हा शिल्लक क्लोरिन करतो. पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते तेव्हा नळ गेल्यानंतर वाहिनीतला दाब उतरतो आणि नालीतून गेलेल्या जोडणीला बारीकशी जरी गळती असली तरी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट टुल्लू पंप (पाणी खेचणारी छोटी मोटर) लावणारी घरे ही ओढ आणखी वाढवतात. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये, असे मी माझ्या घरीही सांगत आलो आहे.

तपासणी दोन ठिकाणी करा. पहाटे नळ आल्यावर मीटरजवळच्या तोटीतून एक नमुना घ्या आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या नळातून दुसरा. क्लोरिनची साधी चाचणी तिथल्या तिथे होते: नळीत पाणी घेऊन चाचणी संचातले थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग सोबतच्या पट्टीशी ताडून पाहायचा. मीटरजवळ रंग आला आणि स्वयंपाकघरात आला नाही, तर दोष रस्त्यावरच्या वाहिनीत नसून तुमच्या आवारात आहे, असे समजून शोध सुरू करा.

जंतूंच्या चाचणीसाठी घरची बाटली नेऊ नका. प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते आणि तिच्या तळाशी थायोसल्फेट असते. ते क्लोरिनला निष्प्रभ करते. ते नसेल तर वाटेतच क्लोरिन जंतू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. ही बाटली विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, आणि नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवायचा. शासनाची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा नागपुरातच आहे.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ, नागपूर)

वरील माहितीत एक महत्त्वाची भर घालतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ मुख्यत्वे हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होते आणि विषाणू शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जाऊ शकतात. याचाच अर्थ आज दिसणारे रुग्ण महिनाभरापूर्वीच्या पाण्याचे आहेत. आजचा अहवाल निर्दोष आला म्हणून पाण्यावरचा संशय लगेच फिटत नाही, त्यामुळे मधल्या काळात जोराचा पाऊस, नालीचे खोदकाम किंवा टाकीची दुरुस्ती झाली होती का, हे आठवून लिहून काढा.

जंतू मरावेत एवढा क्लोरिन विषाणूंना पुरतोच असे नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे पाणी उचलण्याच्या जागी नाल्याचे सांडपाणी शिरले. तेव्हा क्लोरिनची मात्रा वाढवल्यामुळे विषमज्वराची साथ पसरली नाही, परंतु सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई ची साथ होती, हे पुढे कित्येक वर्षांनी साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले.

तुमच्या शेजारणीविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाल्यास २० ते २५ टक्के मातांचा जीव जाऊ शकतो. त्यांनी आजपासूनच फक्त खळखळून उकळलेले पाणी प्यावे, उकळी आल्यावर आणखी एक मिनिट आंच चालू ठेवावी, पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवावे आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. मळमळ, अन्नावरची वासना जाणे किंवा लघवी गडद होणे यांपैकी काहीही जाणवले तर नाकात थेंब टाकून कावीळ उतरवणाऱ्यांकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिन्ही रुग्णांची माहिती महापालिकेच्या झोन कार्यालयातील आरोग्य विभागालाही द्या. शेजारच्या इमारतींतही रुग्ण असतील तर ते तेथेच लक्षात येईल.

उत्तर ३ (काटोल तालुक्यातील शेतकरी)

बोअरवेलचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्याकडे संत्र्याच्या बागांना युरिया पडतो, विहिरींजवळ गोठे आहेत, आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे निघाले. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्याने घटते. अशा पाण्याला आरओ उपयोगी पडतो. नळाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असताना तो बसवून निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडणे मात्र मला पटत नाही. बोअरच्या पाण्यातील नायट्रेट आणि फ्लोराइड एकदा तपासून घ्या आणि तोवर ते नळाच्या टाकीत सोडू नका.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दोन्ही ठिकाणी क्लोरिन तपासला. मीटरजवळ फिका पिवळा रंग आला आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याला मात्र रंगच आला नाही. जंतूंच्या अहवालातही मीटरजवळचा नमुना निर्दोष ठरला, टाकीच्या पाण्यात ई. कोलाय आढळला. काल पार्किंगखालची टाकी उपसली, तेव्हा जादा पाणी बाहेर सोडणारा तिचा पाइप सरळ रस्त्याकडेच्या नालीत उघडतो, असे दिसले. त्याला ना जाळी होती, ना झडप. ऑगस्टच्या पावसात नाली तुंबून पार्किंगपर्यंत पाणी आले होते, म्हणजे ते त्याच पाइपातून उलटे टाकीत गेले असणार. पाइपाच्या तोंडाशी वीतभर काळा गाळ बसला होता, आणि दोन वर्षे कोणीही टाकीत डोकावले नव्हते.

तो पाइप कापून बुजवला आहे. नवीन पाइप नालीच्या बराच वर जाळी लावून सोडला आहे आणि टाकीचे झाकण फरशीपासून एक फूट उंच बांधायला घेतले आहे. दोन्ही टाक्या घासून, ब्लीचिंग पावडरचे पाणी काही तास भरून ठेवून मग रिकाम्या केल्या. बोअरची जोडणी तोडली असून त्या पाण्याचा नमुना नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी दिला आहे. टाकीचा दुसरा नमुना गुरुवारी जाईल. झोन कार्यालयातील कर्मचारी येऊन शेजारच्या चार इमारतींत चौकशी करून गेले. शेजारणीची रक्ततपासणी झाली असून तिला संसर्ग झालेला नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे आणि तोपर्यंत तिच्या घरचे पिण्याचे पाणी आम्ही तिघी आळीपाळीने उकळून देत आहोत.