मदत हवी आहे: लेकीची स्पेनची शाळेची ट्रिप की ऑनर्स केमिस्ट्री? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

सोनचाफा_जर्सी: प्लीज लवकर सांगा, शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय. लेक टेन्थला, अमेरिकेत सेंट्रल न्यू जर्सीत. ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या स्पॅनिश वर्गाच्या मॅडम एप्रिलमध्ये स्प्रिंग ब्रेकला स्पेनला नेतायत, माद्रिद, टोलेडो, सेगोविया, ग्रॅनाडा. पण निघणार ब्रेकच्या दोन दिवस आधी आणि नेमकी तेव्हाच ऑनर्स केमिस्ट्रीची युनिट टेस्ट. ती आधीच बी प्लसवर लटकलीय, पुढच्या वर्षी एपी केमला (कॉलेजच्या पातळीची केमिस्ट्री) रेकमेंडेशन त्याच सरांचं लागणार. शिवाय मे मध्ये एपी वर्ल्ड हिस्टरीची परीक्षा आहेच. नवरा म्हणतो कशाला, ती म्हणते सगळ्या मैत्रिणी चालल्यात. घरात नुसती धुसफूस. काय करू?

बापू_ट्रेंटन: पैसे किती ते लिहिलंच नाहीत.

सोनचाफा_जर्सी: साडेचार हजार डॉलरच्या आसपास. पण पैशांचं आम्ही बघू हो.

एडिसनकर: हे बघा, ऑनर्सला आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये जीपीएला (मार्कांच्या सरासरीला) अर्धा पॉइंट जास्त मिळतो, एपीला पूर्ण एक. ट्रिपला शून्य. पैसे भरून केलेली सहल कॉलेजच्या अ‍ॅप्लिकेशनवर कोणी ढुंकून बघत नाही. त्यापेक्षा पीएसएटीची (एसएटीच्या आधीची परीक्षा) तयारी आत्ताच चालू करा, नॅशनल मेरिट स्कॉलरशिपला इलेव्हन्थच्या ऑक्टोबरातलीच धरतात, टेन्थची नाही, हे बऱ्याच आईबापांना उशिरा कळतं. माझ्या मोठ्याला आम्ही...

सोनचाफा_जर्सी: पीएसएटीचं मी विचारलंच नाहीये.

गोडांबा: एडिसनकर, मुलं काय अ‍ॅप्लिकेशनसाठीच जन्माला घातलीत का? माझा मुलगा असाच शाळेबरोबर गेला होता. इतिहास म्हटलं की जांभया देणारं कार्टं, ते माद्रिदच्या रेना सोफिया म्युझियममध्ये पिकासोच्या गेर्निकासमोर अर्धा तास उभं होतं. ते चित्र पावणेआठ मीटर लांब आहे, पुस्तकात बघून काही कळत नाही. सेगोवियाचा रोमन जलसेतू तर चुना न लावता रचलेले नुसते दगड, त्याने घरी येऊन शूबॉक्सची कमान करून दाखवली आम्हाला. पाठवा!

एडिसनकर: शूबॉक्सने कॉलेज मिळत नाही.

सबटीचर_मी: मी हायस्कूलमध्ये सब (बदली शिक्षिका) म्हणून जाते म्हणून सांगते, शाळेचीच ट्रिप असेल तर ती गैरहजेरी बहुतेक शाळांत एक्स्क्यूज्ड धरतात आणि टेस्ट नंतर देता येते. मात्र लेकीने स्वतः आधी सरांना मेल करायला हवा, आईने नाही. आणि रेकमेंडेशन नाही आलं तरी काही डिस्ट्रिक्टमध्ये पालकांच्या सहीने ओव्हरराइड करता येतं, काउन्सेलरला विचारा. ट्रिप शाळेची आहे की मॅडम खाजगी टूर कंपनीतर्फे नेतायत? दोन्हीत फरक पडतो.

सोनचाफा_जर्सी: कंपनीतर्फे वाटतं. पत्रक बघून सांगते.

नाना_सातारा: आमच्या वेळी एसटीच्या लाल डब्यातून वेरूळ-अजिंठा. शाळेच्या सहलीला निम्मं भाडं. कैलास लेणं वरून खाली खोदत आणलंय हे तिथे डोळ्यांनी बघितलं तेव्हा पटलं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोप. साडेचार हजार डॉलरमध्ये आख्खी शाळा जाऊन आली असती.

गोडांबा: नाना 😄 आम्हाला सहलीत भेळेचाच भत्ता

पोटोमॅक: एक बाजूचा प्रश्न. मुलीचा पासपोर्ट कुठला?

सोनचाफा_जर्सी: इंडियन. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर आहोत. का?

पोटोमॅक: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना. स्पेनला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा लागेल, बारा वर्षांवरच्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आणि पासपोर्टवरचा एच-४ व्हिसाचा स्टॅम्प चालू आहे का?

सोनचाफा_जर्सी: स्टॅम्प संपलाय, पण आय-७९७ (इथे राहायच्या मंजुरीची नोटीस) २०२७ पर्यंत आहे. त्यावर चालतं ना?

पोटोमॅक: इथे राहायला चालतं. परत यायला नाही. मॅडम आणि मैत्रिणी विमानात बसतील आणि ही माद्रिदच्या चेक-इन काउंटरवर राहील.

बापू_ट्रेंटन: ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन असतं की! तीस दिवसांच्या आत परत आलं तर स्टॅम्प लागत नाही, माझा मेहुणा आलाय तसा.

पोटोमॅक: मेहुणा कॅनडाहून आला असणार. स्टॅम्प संपलेला असताना ते कॅनडा आणि मेक्सिकोपुरतंच आहे, युरोपला लागू नाही.

बापू_ट्रेंटन: हां, टोरांटोच होतं.

एडिसनकर: ग्रीन कार्ड असतं तर काहीच लागलं नसतं.

पोटोमॅक: परत यायला स्टॅम्प लागला नसता. इंडियन पासपोर्टवर शेंगेन लागलाच असता.

सोनचाफा_जर्सी: पत्रकात फक्त "व्हॅलिड पासपोर्ट" एवढंच लिहिलंय!! तिच्या मैत्रिणी सगळ्या सिटिझन, त्यामुळे मॅडमच्या डोक्यातही आलं नसेल. आणि मी इथे केमिस्ट्रीच्या टेस्टवरून रात्री जागतेय.

सबटीचर_मी: डिपॉझिट भरायच्या आधी रिफंडची अट वाचा, अशा ट्रिपांत पहिली रक्कम बहुधा परत मिळत नाही. आणि मॅडमना आजच कळवा, वर्गात एच-४ वरची आणखी मुलं असतील.

गोडांबा: वाईट वाटलं. वॉशिंग्टनला तरी घेऊन जा तिला, स्मिथसोनियन म्युझियमं फुकट आहेत, एअर अँड स्पेसला मात्र आधी वेळेचे पास लागतात का ते बघा.

सोनचाफा_जर्सी: वॉशिंग्टन एट्थ ग्रेडमध्येच झालंय शाळेबरोबर. मॅडमना मेल टाकला. तिला नवरा सांगणार आहे, तोच नको म्हणत होता ना.

पोटोमॅक: उन्हाळ्यात मुंबईला स्टॅम्पिंग करणार असाल तर अपॉइंटमेंट आत्ताच बघायला घ्या. आणि तिघांच्याही पासपोर्टची एक्स्पायरी तपासा.