शाश्वत विकासावरील युवा प्रकल्पाचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात नववीच्या मुलांसोबत वर्षभर पाण्यावर प्रकल्प राबवला. शेवटच्या चाचणीत गुण चांगले पडले. पण त्यातून प्रकल्पाचा परिणाम सिद्ध होतो का?

उत्तर १ : सुरुवातीची चाचणी घेतलेली नसेल, तर नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही आठवण आपल्याकडे घरोघरी निघते. त्यामुळे मुलांना बरेच काही आधीच ठाऊक असते. प्रकल्प न झालेल्या शेजारच्या शाळेतही तीच चाचणी घेऊन पाहा.

उत्तर २ : गुणांपेक्षा सवयी तपासा. विहिरीची पातळी मुले अजूनही दोरी सोडून मोजतात का?

प्रश्नकर्ता : वही आत्ताच पाहिली. उन्हाळ्याची सुट्टी लागली, त्या दिवसापासून एकही नोंद नाही.