रीलऐवजी चित्रवही

रील पाहणं सोडून चित्रकलेकडे वळायचं तर आधी मनाचा निर्धार हवा, असं म्हटलं जातं. मला वाटतं, निर्धारापेक्षा मांडणी जास्त कामाला येते. पुस्तकाचं पान संपतं तिथे आपण क्षणभर थांबतो. डिझायनर अझा रास्किन यांनी २००६ मध्ये केलेल्या अखंड स्क्रोलच्या रचनेत, म्हणजे बोटानं सरकवत राहिलं की पुढचं आपोआप येत राहतं त्या रचनेत, तो थांबाच नाही. शिवाय पुढे काय निघेल हे ठाऊक नसतं, आणि अनिश्चित बक्षिसाची ओढ फार चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वही-पेन्सिल हाताशी, उघडी. कपाटातली वही कोणी काढत नाही.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, हे मात्र मानू नका. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या सवयींवरच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८, तर कोणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. (मला तर हाच भाग सगळ्यात धीर देणारा वाटतो.)

आणि कृपा करून काढलेलं चित्र लगेच कुठे टाकू नका. लाइक मोजायला गेलात की पुन्हा त्याच पडद्यासमोर. सुरुवातीची चित्रं वाकडीतिकडी असली तरी वहीतच राहू द्या.