गुडघा सुजला तेव्हा नेमकं काय निघालं? अनुभव सांगा

गुहागर
लावणी आटोपली आणि वाडीत गुडघे धरून बसलेली माणसं दिसायला लागली. सासूबाईंचा उजवा गुडघा तर असा फुगलाय की वाटी कुठे आहे ते कळत नाही. पाखाडी उतरताना आधार लागतो. ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा: सूज कशामुळे होती, कशी कळली, कशाने उतरली. 'वयोमानाने होतं' एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

चिपळूण
कबड्डीत पाय रोवून वळलो, आत कट्ट झालं आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, किती वेळात सुजला? लगेच सुजला तर आत रक्त साठल्याची शंका; दुसऱ्या दिवशी सावकाश सुजला तर सांध्यातली कूर्चेची गादी फाटल्याची. सुईने काढलं तर रक्तच आलं, एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेला. फडक्यात गुंडाळून बर्फ 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशांवर. सुजेमुळे मांडीचा स्नायू ढिला पडतो, म्हणून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून धरायचा व्यायाम फिजिओने लवकरच सुरू केला.

मालवण
बाबांचा गुडघा मध्यरात्री पेटला, चादरही सोसवेना. पूर्वी अंगठा असाच सुजला होता. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं, तर घरचे म्हणाले गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात, नव्हे. डॉक्टर म्हणाले, ऐन दुखण्यात ते नॉर्मल येऊ शकतं, गुडघ्यातलं पाणी तपासूया. त्यात सुईसारखे स्फटिक दिसले. आता बांगडे, तारल्या बेताने, बिअर बंद, आणि रोजची गोळी. नुसत्या पथ्याने युरिक अ‍ॅसिड फारसं उतरत नाही, हे बाबांना पटायला वेळ लागला.

गुहागर
पाणी एकदा काढलं की पुन्हा पुन्हा भरतं म्हणतात, ते खरं का?

मालवण
मूळ दुखणं राहिलं तर भरतं. काढल्यामुळे नाही.

राजापूर
आतेला मधुमेह. गुडघा लाल, गरम, अंगात ताप, पाय टेकवेना. शेजारच्या काकू निगडीचा पाला बांधायला आल्या होत्या, पण आतेभावाने रात्रीच गाडी काढून रत्नागिरी गाठली. पू निघाला. सांधा धुवावा लागला, शिरेतून अँटिबायोटिक. असा सांधा थोड्या दिवसांत कायमचा खराब होतो. ताई, सासूबाईंना ताप असेल तर सकाळचीही वाट बघू नका!

सावंतवाडी
माझं चिकुनगुनिया निघालं. ताप गेला, सांधे महिनोन्‌महिने धरलेले.

दापोली
आईची झीज. विळी सोडून ओट्यावर चिरणं, कमोड, आणि वजन: 1 किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका होतो. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणत नाही, तिला रक्तदाब आहे आणि त्या मूत्रपिंडालाही बाधतात. मध्ये एकदा पोटरी अचानक सुजली. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली होती, पण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पाय असाच दिसतो, म्हणून त्याच दिवशी सोनोग्राफी केली.