सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर परत अडकला

सेक्रेटरी बी-१०३: नमस्कार, ऑफिसचा कॉम्प्युटर सकाळपासून हलत नाहीये, एक्सेलची फाइल उघडायला दिली की पांढरा स्क्रीन आणि गोल गोल फिरत बसतं, त्यामुळे मेंटेनन्सची बिलं आज निघतील असं वाटत नाही. सोमवारी ऑडिटर येणारेत तो वेगळाच ताप

सी-४०२: नवीनच घ्या ना आता एकदाचा

खजिनदार ताई: घेऊया की, लिफ्टच्या एएमसीचे पैसे तुम्ही भरा मग 🙏

ए-२०४ काका: मी आत्ताच खाली जाऊन बघून आलो. टास्क मॅनेजरच्या डीटेल्समध्ये सिस्टीम आयडल प्रोसेस नावाचं काहीतरी ९४ टक्के सीपीयू खातंय!! एंड टास्क करून बघितलं, बंदच होत नाही. शिवाय एसव्हीसीहोस्ट नावाच्या ओळीच ओळी. एकाच नावाचं इतक्या वेळा कशाला लागतं? व्हायरस आहे. फॉरमॅट मारा.

निनाद बी-३०२: काका थांबा, फॉरमॅट नको 😅 आयडल ९४ म्हणजे सीपीयू ९४ टक्के रिकामा बसलाय, खात काहीच नाहीये. आणि एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजच्याच सर्व्हिसेस, मागे चालणारी कामं, २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून साडेतीन जीबीच्या वर रॅम असली की बहुतेक सर्व्हिसेसना वेगवेगळी ओळ मिळते म्हणून एवढ्या दिसतात. शंका असेल तर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा, सिस्टम ३२ च्या फोल्डरमध्ये गेलं तर ठीक, डाउनलोड्स किंवा टेम्पमध्ये गेलं तर मात्र मला लगेच फोन करा

निनाद बी-३०२: मी कामावर आहे, पण एक करा, कंट्रोल शिफ्ट एस्केप, मग परफॉर्मन्स, मग डावीकडे डिस्क, त्याचा फोटो टाका. आणि प्रोसेसेसमध्ये डिस्क या कॉलमवर क्लिक करून वरच्या तीन-चार ओळींचा पण

डी-२०१: डी विंगला पाणी येत नाहीये, मोटर चालू आहे का बघा कोणीतरी

ए-२०४ काका: 📷 📷 सिस्टम ३२ च निघालं. चष्मा नव्हता फोटो हललाय

निनाद बी-३०२: दिसतंय काका, मस्त. हे बघा, अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के पण रीड स्पीड सेकंदाला फक्त १.३ एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम ८७० मिलिसेकंद. म्हणजे डिस्क पूर्ण वेळ कामात आहे पण काम होतच नाहीये. जुनी फिरती हार्ड डिस्क आहे ना ती, आत एकच हात इकडून तिकडे पळतो, आपल्या लिफ्टला सगळ्या मजल्यांवरून एकदम बटण दाबल्यावर जे होतं तेच. आणि दाबणारे कोण ते दुसऱ्या फोटोत वरच लिहिलंय, सर्च इंडेक्सर आणि अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर. सेक्रेटरी साहेब, एवढ्यात त्यात भरपूर फायली टाकल्यात का?

सेक्रेटरी बी-१०३: हो, ऑडिटसाठी २०१२ पासूनच्या पावत्या आणि मिनिट्स स्कॅन करून आणल्या, पेन ड्राइव्हवरून डेस्कटॉपवर टाकल्यात. त्याने काय होतंय? नुसत्या पडून आहेत त्या

निनाद बी-३०२: पडून नाहीत, डेस्कटॉपवरचं सगळं विंडोज स्वतःहून वाचून त्याची यादी बनवतं म्हणजे सर्च केल्यावर पटकन सापडावं, आणि प्रत्येक फाइल उघडली की डिफेंडर ती तपासतो. रात्री संगणक चालू असता तर आपोआप उरकलं असतं, विंडोजचं देखभालीचं काम पहाटे दोनला लावलेलं असतं, पण आपण रोज आठला बंद करतो, मग सगळा बॅकलॉग सकाळी तुम्ही बटण दाबल्यावर

सी-४०२: ते इंडेक्सर आणि अँटीव्हायरस दोन्ही कायमचं बंद करता येतं, व्हिडिओ आहे, टाकू का?

निनाद बी-३०२: नका टाकू 🙏 त्या मशीनला स्कॅनवाल्याचा, ऑडिटरचा, सगळ्यांचा पेन ड्राइव्ह लागतो, तिथे अँटीव्हायरस बंद म्हणजे कठीण. आजच्यापुरतं कंट्रोल पॅनलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स, मॉडिफाय, तिथे डेस्कटॉपची टिक काढा, बिलं काढून घ्या. रात्री टिक परत लावून स्लीप नेव्हर करून चालू ठेवा, एकदा यादी झाली की परत एवढं करणार नाही

खजिनदार ताई: रात्रभर चालू?? बिल कोण भरणार

सेक्रेटरी बी-१०३: एक रात्र ताई. वॉचमनला सांगतो ऑफिसचं मेन स्विच पाडू नको म्हणून, त्याला ती सवय आहे

*शनिवार*

सेक्रेटरी बी-१०३: इंडेक्सिंग कम्प्लीट असं आलंय. काल बिलं निघाली सगळी, विंगप्रमाणे पेटीत टाकलीत. पण आज एक्सेल बरं चाललंय नि मधेच परत दहा सेकंद थिजतं

निनाद बी-३०२: आता कोणी वाचत नसताना पण थिजतंय म्हणजे मला जरा वेगळी शंका येतीये. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम, सोर्सच्या कॉलममध्ये डिस्क असं शोधा, इव्हेंट आयडी ७ आहे का

ए-२०४ काका: मी बसलोय इथेच. आहे. लाल खूण, बॅड ब्लॉक असं लिहिलंय. एक नाही, बरेच आहेत, आणि मागच्या महिन्यातले पण. म्हणजे पावत्या टाकायच्या आधीपासून!

निनाद बी-३०२: बॅड ब्लॉक म्हणजे डिस्कवरचा खराब भाग, मग डिस्कच जातीये. इंडेक्सरने फक्त तिला पळायला लावलं म्हणून लक्षात आलं. आता कोणी डीफ्रॅग, क्लीनर, चेकडिस्क काही चालवू नका, आधी अकाउंटिंगचा डेटा आणि स्कॅनचा फोल्डर बाहेर कॉपी करा, कॉपी करताना एखाद्या फाइलला अडकलं तर स्किप करून पुढे जा. नवीन मशीनची गरज नाही, एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, टाकली की झालं. फक्त विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, त्यामुळे ११ चालतं का तेही त्याच वेळी बघून घेऊ

खजिनदार ताई: एसएसडीची तीन कोटेशन्स आणा, सोमवारी कमिटीत ठेवते. डेटा मात्र आजच काढा, माझ्याकडे ५०० जीबीची एक्सटर्नल आहे, नातवाचे फोटो आहेत त्यात, ते उडवायचे नाहीत

ए-२०४ काका: ताई पाठवा खाली, मी लावतो. काही एंड टास्क करत नाही 🙏

डी-२०१: पाणी आलं